लाल रस्त्यांच्या गावी, एका गाडीसाठी

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर तोयामा नावाचा प्रांत आहे. तिथले रस्ते लाल आहेत. आपल्या कोकणातल्या रस्त्यांसारखे मातीने लाल नव्हेत. डांबर काळंच, पण त्याच्या मधोमध गंजाचा तांबूस पट्टा चढलेला. हिवाळ्यात इथे बर्फ फार पडतो. तो वितळावा म्हणून रस्त्याच्या मध्यभागी नळ पुरलेले आहेत आणि त्यांच्या भोकांतून जमिनीखालचं पाणी बारीक कारंज्यासारखं उडतं. भूगर्भातलं पाणी भर थंडीतही बर्फापेक्षा उबदार असतं, त्यामुळे बर्फ विरघळून गटारात जातो. पाण्यातलं लोह मात्र मागे राहतं. आम्ही मे महिन्यात गेलो तेव्हा नळ बंद होते, भातखाचरांत पाणी भरलं होतं आणि समोर तीन हजार मीटर उंचीच्या तातेयामा पर्वतावर अजून पांढरं बर्फ होतं. पाणी भरलेली खाचरं बघून मला आपला जुलै आठवला; नजर वर नेली की ती आठवण पुसली जायची.

मी उर्दू शाळेतला शिक्षक. मे महिन्याच्या सुट्टीत फार तर मुंबई, नाहीतर एखाद्या लग्नासाठी पुणे. जपानला जायचं कारण माझा भाचा. तो बर्मिंगहॅमला इंजिनिअर आहे. त्याला एक जुनी गाडी जपानहून इंग्लंडला न्यायची होती आणि ती न्यावी की नाही, हे ठरत नव्हतं. त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या भाचेसुनेचा, मला फोन आला. "मामू, गाडी घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण पैसा घराचा आहे. तुम्ही सोबत असलात तर ते डोळे उघडे ठेवून बघतील." माझं तिकीट भाच्याने काढलं. मला गाड्यांतलं काही कळत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणूनच."

पैसा घराचा म्हणजे खरोखरच घराचा. व्याजाच्या कर्जापासून लांब राहायचं, म्हणून दोघांनी नऊ वर्षं काटकसर करून ६८ हजार पौंड बाजूला टाकले होते. अजून दोन-तीन वर्षांत घराचा मोठा हिस्सा रोख भरता आला असता. गाडीला त्यातले निम्म्याहून जास्त लागणार होते.

आता गाडीविषयी. निसान कंपनीची स्कायलाइन जीटी-आर, तिसरी पिढी, जिला जाणकार 'आर-३२' म्हणतात. १९८९च्या ऑगस्टमध्ये ती बाजारात आली. त्याआधीची जीटी-आर १९७३ साली फक्त १९७ गाड्या बनवून बंद पडली होती, म्हणजे हे नाव सोळा वर्षांनी परत आलं. २.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन टर्बो, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा. त्या काळी जपानी कंपन्यांमध्ये २८० अश्वशक्तीच्या वर आकडा जाहीर करायचा नाही असा आपसातला समझोता होता, म्हणून कागदावर २८०. प्रत्यक्षात जास्त, हे सगळ्यांना ठाऊक. जपानच्या गटवार शर्यतींत १९९० ते १९९३ या चार हंगामांत तिने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची प्रसिद्ध शर्यत १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ जिंकली आणि तिथल्याच पत्रकारांनी तिला 'गॉडझिला' हे नाव दिलं.

भाच्याचे वालिद, माझे मरहूम भाऊजी, बावीस वर्षं कुवेतला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. सुट्टीवर येताना खाऊबरोबर गाड्यांची इंग्रजी मासिकं आणायचे. त्यातल्या एका मासिकातला या गाडीचा फोटो आमच्या आपाच्या घरी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. मीच तो कित्येकदा पाहिला आहे. बापाने आणि लेकाने मिळून एखादी गोष्ट बघितलेली असली, की तिची किंमत पौंडांत काढणं अवघड होऊन बसतं. भाचेसुनेला हे कळत होतं, म्हणून ती सरळ नाही म्हणत नव्हती.

अशा गाड्या सुमारे ४४ हजार बनल्या. त्यामुळे 'दुर्मिळ' हा शब्द मला आधी पटला नव्हता. पण तरुणांनी या गाड्या घेतल्या त्या पळवायला. टर्बो बदलले, ब्रेक बदलले, स्प्रिंगा बदलल्या, काही ठोकल्या, काही भंगारात गेल्या. अमेरिकेत परदेशी गाडी २५ वर्षांची झाल्याशिवाय सहजासहजी नेता येत नाही. २०१४ साली पहिल्या आर-३२ला पंचवीस वर्षं पूर्ण झाली आणि तिकडच्या शौकिनांनी खरेदी सुरू केल्यावर जपानमधले भाव चढले. आता गाडी मिळते. जशी कारखान्यातून निघाली तशी मिळत नाही. तीच खरी दुर्मिळ.

तोकियोहून शिंकान्सेनने तोयामाला दोन तास दहा मिनिटं लागतात. पुढे साध्या लोकलने कोसुगीला उतरलो. हे इमिझू शहर. स्टेशनबाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं गाडीने गेलं की हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचं कुंपण घातलेली मैदानं लागतात आणि त्यांत ओळीने जुन्या गाड्या. पाट्यांवर जपानी, रशियन आणि मधूनच उर्दू. इतक्या लांब येऊन पाटी वाचता आली याचा मला जो आनंद झाला, तो भाच्याला गाड्या बघूनही झाला नसेल.

हे पाकिस्तानी व्यापारी इथे कसे? १९८९ सालापर्यंत पाकिस्तानी माणसाला जपानमध्ये व्हिसाशिवाय येता येत होतं. अनेकजण कारखान्यांत मजुरीला आले, काही टिकले, काहींनी इथेच संसार थाटले. पुढे सोव्हिएत युनियन कोसळला. समोरच्या किनाऱ्यावर व्लादिवोस्तोक, आणि तिथल्या लोकांना जपानी जुन्या गाड्या हव्या होत्या. तोयामाच्या बंदरात रशियन जहाजं लागायची आणि खलाशी गाड्या घेऊन जायचे. त्या बंदराच्या जवळ ही वस्ती वाढली. जपानमध्ये जुनी गाडी ठेवणं परवडत नाही, हेही कारण आहेच. दर दोन वर्षांनी 'शाकेन' नावाची कडक तपासणी, तिचा खर्च मोठा, शिवाय तेरा वर्षांनंतर कर वाढतो. म्हणून चांगल्या चालत्या गाड्या लोक काढून टाकतात आणि त्या जगभर जातात. २०२३च्या ऑगस्टमध्ये जपानने १९०० सीसीवरच्या गाड्या रशियाला पाठवायला बंदी घातली. तेव्हापासून इथल्या व्यापाऱ्यांनी आफ्रिका, आखात, इंग्लंड अशी तोंडं वळवली आहेत.

आमचे व्यापारी मूळ पंजाबातले, पन्नाशीचे. सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. बायको जपानी, मुलं घरात जपानी बोलणारी. उर्दू बोलायला कोणी मिळालं की चहा थंड होईपर्यंत थांबत नसत. मी शिक्षक आहे कळल्यावर भाचा बाजूलाच राहिला. इथली मुलं उर्दू लिहायला कशी शिकतील, यावर अर्धा तास गेला. मी त्यांना दोन गोष्टी सुचवल्या, त्यांनी त्या खरंच वहीत लिहून घेतल्या.

मग आम्ही मैदानात गेलो. गाडी करड्या रंगाची होती. मला ती फोटोपेक्षा लहान वाटली. भाचा तिच्याभोवती एक चक्कर मारून गप्प उभा राहिला. मागणी ५७ लाख येन. त्या दिवशी एका पौंडाला सुमारे १९० येन मिळत होते, म्हणजे ३० हजार पौंड. भाच्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी. त्याचा चेहरा खुलला आणि मला काळजी वाटू लागली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज खरंच वेगळा आहे, तो खोटं का सांगू! पण बॉनेट उघडल्यावर भाच्याने एकेक मोजायला सुरुवात केली. टर्बो मोठे बसवलेले. ब्रेक दुसऱ्या कंपनीचे. सस्पेन्शन बदललेलं, गाडी खाली बसवलेली. सुरुवातीच्या या इंजिनांत तेलाच्या पंपाला फिरवणारा क्रँकवरचा भाग आखूड आहे, त्यामुळे जोरात पळवलेल्या गाडीत पंप फुटतो आणि इंजिनच जातं. तो बदलल्याची पावती कुठे नव्हती.

मी खाली वाकून पाहिलं. दरवाजाखालच्या पट्टीला नवा काळा डांबरी रंग मारला होता. मला इंजिन कळत नाही, पण समुद्राकाठच्या माणसाला गंज कळतो. आमच्या खिडक्यांच्या गजांना दर दोन वर्षांनी आम्ही असाच रंग मारतो, आणि कुठे गज शाबूत आहे, कुठे नुसता रंग उभा आहे, ते बोटाने टिचकी मारली की समजतं. हाजीसाहेबांना विचारून मी टिचकी मारली. पुढच्या भागात खणखणीत आवाज आला, मागच्या चाकाजवळ बद्द.

हाजीसाहेबांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, आतून टॉर्च आणला, गाडी जॅकवर चढवली आणि स्वतःच दाखवायला लागले. मागच्या चाकाच्या कमानीत, पट्टीच्या आत, आणि बॉनेटखाली जिथे सस्पेन्शनचं वरचं टोक बसतं तिथे रंगाखाली फोड आलेले. गाडी डोंगरातल्या भागातली होती. तिथे रस्त्यांवर नुसतं पाणी नाही, मीठही टाकतात. "मास्टरसाहब, मी हे सांगणारच होतो," ते म्हणाले. "आधी आवाज ऐकू दिला, एवढंच." यावर आम्ही तिघेही हसलो. पण माल विकताना त्यातला दोष लपवायचा नाही, ही शिकवण त्या माणसाने जॅक लावून पाळली, हेही खरं. त्यांचा तो माल होता. ते गप्प राहू शकले असते.

संध्याकाळी मुक्कामी आम्ही हिशोब मांडला. हा भाग मी मुद्दाम लिहितो, कारण परदेशातून गाडी नेऊ पाहणारे आपल्या घराघरांत आहेत, आणि बहुतेकजण गाडीच्या किमतीवर थांबतात. इंग्लंडमध्ये जपानी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडेच चालतं, ती अडचण नाही. दहा वर्षांवरच्या गाडीला मंजुरीची मोठी परीक्षाही द्यावी लागत नाही. पण कर आहे. मूळ देशाचा मान्य पुरावा जोडता आला नाही तर १० टक्के आयात शुल्क आणि त्यावर २० टक्के व्हॅट, तेही जहाजाचं भाडं धरून. गाडीचे ३० हजार, भाडं आणि विम्याचे २ हजार, झाले ३२ हजार पौंड. शुल्क ३,२००. मग ३५,२०० वर व्हॅट ७,०४०. कराचेच १०,२४०. गाडी दारात पडणार ४२,२४० पौंडांना, आणि गंजाचं काम अजून पुढेच.

दुसरी वाट आहे. गाडी तीस वर्षांपेक्षा जुनी असेल, ते मॉडेल बंद झालेलं असेल आणि गाडी मूळ स्थितीत असेल, म्हणजे इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, सांगाडा यांत मोठा बदल नसेल, तर ती संग्राहकाची वस्तू धरली जाते. शुल्क शून्य, व्हॅट फक्त ५ टक्के. त्याच ३२ हजारांवर १,६०० पौंड. फरक ८,६४० पौंडांचा. करड्या गाडीला तीस वर्षं होऊन गेली होती, पण तिच्यात मूळ काय उरलं होतं? स्वस्त गाडी स्वस्त का आहे, ते कागदावर दिसलं.

शिवाय बारीकसारीक खर्च. पोहोचल्यावर चौदा दिवसांत कर खात्याला कळवायचं, मग एमओटी तपासणी, मग नोंदणी आणि नंबर. वेगाचा काटा किलोमीटरचा आहे, तो मैलांत दाखवायला हवा. मागे धुक्यातला लाल दिवा लागतो, जपानी गाड्यांना तो बहुधा नसतो. आणि बर्मिंगहॅमच्या मध्यभागी २०२१पासून प्रदूषणाची हद्द आखलेली आहे. एवढी जुनी पेट्रोल गाडी त्यात शिरली की दिवसाला ८ पौंड. चाळीस वर्षांच्या गाडीला ते माफ आहे. भाचा म्हणाला, "म्हणजे २०३२पर्यंत मशिदीला बसनेच जायचं." त्याला विनोद सुचतोय म्हणजे डोकं ठिकाणावर आलंय, असं मी समजलो.

भाचेसुनेने निघताना एक आकडा दिला होता: दारात ४५ हजार पौंड, त्यावर एक पेनीही नाही. त्या आकड्यावरून उलटा हिशोब केला. मूळ स्थितीतली गाडी, ५ टक्के व्हॅट, जहाज, नोंदणी, टायर, हाजीसाहेबांची मेहनत असं सगळं वजा केल्यावर लिलावात बोली ७३ लाख येनपर्यंत जाऊ शकत होती. भाच्याने तो आकडा कागदावर लिहून खाली रेघ मारली.

जपानमध्ये जुन्या गाड्यांचे प्रचंड लिलाव होतात. तिथे फक्त सभासद व्यापाऱ्यांनाच बोली लावता येते. प्रत्येक गाडीचा एक तक्ता असतो. त्यावर गाडीचं चित्र आणि चित्रावर खुणा: ओरखडा असेल तर ए, पोचा असेल तर यू, गंज असेल तर एस, पुढे लहान-मोठा दाखवणारा आकडा. वर एकूण गुण, आतल्या बाजूला वेगळी श्रेणी. अपघातानंतर सांगाडा दुरुस्त केलेली गाडी असेल तर गुणांऐवजी आर. दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा मला ती जास्त प्रामाणिक वाटली. नागोयाच्या लिलावात त्या आठवड्यात एक आर-३२ होती. १९९२ची, एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली, गुण ४, आत बी, बदल नाहीत, शाकेनच्या पावत्या जपलेल्या, तेलाच्या पंपाचं काम झाल्याची नोंदही त्यात. हाजीसाहेबांच्या ओळखीच्या माणसाने तिथे जाऊन खालून फोटो काढून पाठवले. यावेळी टिचकी मारायला मी नव्हतो, पण फोटोत पट्टीचा मूळ रंग दिसत होता.

नागोयाचा लिलाव शुक्रवारी असतो. गाडीचा नंबर मागे होता, दुपारनंतर येणार होता, म्हणून आम्ही आधी जुम्याला गेलो. इथली मशीद म्हणजे पूर्वीचं रात्रंदिवस उघडं असणारं एक दुकान. बाहेरून अजून तसंच बसकं, समोर ऐसपैस पार्किंग. आत गालिचे. उर्दू बयान ऐकताना मी क्षणभर जपानमध्ये आहे हे विसरलो. शेजारी एक जपानी नवमुस्लिम तरुण बसला होता. त्याने बाहेर पडताना माझे बूट सरळ करून माझ्यापुढे ठेवले. वयाचा मान राखायची त्यांची रीत आणि आपली रीत फार वेगळी नाही.

जेवायला भाच्याला समुद्राकडे नेलं, कारण त्याला काही सुचत नव्हतं. शिनमिनातोच्या मोठ्या पुलाखाली मासळीबाजार आहे. तोयामाच्या आखातात शिरो-एबी नावाची बोटाएवढी पारदर्शक कोळंबी मिळते. ताटलीत तळून आली तेव्हा काचेसारखी होती ती पांढरी झाली होती. सोबतच्या चटणीपाण्यात तांदळाची दारू असते, म्हणून ते न घेता नुसत्या मिठाबरोबर खाल्ली. आपाकडच्या कोलिमाच्या वड्यांची सर नाही, पण दुसऱ्यांदा मागवली हे कबूल करतो.

अडीचच्या सुमारास हाजीसाहेबांच्या कार्यालयात संगणकासमोर बसलो. लिलाव म्हणजे घंटा, हातोडा असलं काही नसतं. पडद्यावर गाडी येते, आकडा चढतो, काही सेकंदांत संपतो आणि पुढची गाडी येते. ज्याला हवी त्याने बटण दाबत राहायचं. हाजीसाहेबांचा अंगठा बटणावर, भाच्याचा हात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर. आमची गाडी आली. पन्नास, साठ, पासष्ट. सत्तरला वेग मंदावला. एकाहत्तर, बाहत्तर. मला वाटलं मिळाली. त्र्याहत्तरला आकडा एक श्वास थांबला आणि कोणीतरी दाबलं. हाजीसाहेबांनी मान वळवून भाच्याकडे पाहिलं. भाच्याने कागदाकडे पाहिलं. पडदा ७६ लाखांवर लाल झाला आणि त्या जागी एक पांढरी डिलिव्हरी व्हॅन आली.

कोणी काही बोललं नाही. हाजीसाहेबांनी चहा मागवला.

भाच्याने तिथूनच घरी फोन लावला. इंग्लंडमध्ये सकाळचे साडेसहा वाजले होते. ती जागीच होती. फोन स्पीकरवर होता.

"किती कमी पडले?"

"तीन लाख येन. म्हणजे सोळाशे पौंडांच्या आसपास."

बराच वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "मग दाबायचं होतं ना बटण!"

"आकडा तुझा होता."

"आकडा माझा होता, पण मी काय तिथे बसले होते?" तिचा आवाज जरा भरून आला होता, असं मला वाटलं. "मामू, तुम्ही तरी सांगायचं होतं."

मी सांगितलं की मला गाड्यांतलं काही कळत नाही.

हाजीसाहेब म्हणाले, पुढच्या आठवड्याची यादी दोन-तीन दिवस आधी येते, ते बर्मिंगहॅमला पाठवतील. अशी गाडी महिन्यात एखादी येते, कधी येतही नाही. रक्कम वाढवून ठेवायची का, असं त्यांनी विचारलं. भाच्याने फोनकडे पाहिलं, फोनमधून काही आवाज आला नाही.

"त्र्याहत्तरच राहू द्या," तो म्हणाला.